दुसऱ्या आवाजाची जागा

‘घरातलं माणूस गेलं, की बोलणारं तोंड एकच ठेवायचं, एल्वी. थोरल्या बहिणीचं. आणि ते उघडायच्या आधी दहादा पाणी प्यायचं.’

आईने हे सांगितलं तेव्हा ती राखेत पाव भाजत होती आणि एल्वी सतरा वर्षांची होती. सांगून झाल्यावर आईने पाव उलटा केला, बोटांनी त्यावर टकटक केलं, आतून पोकळ आवाज आला तशी मान हलवली, आणि विषय संपला. बोलणारं तोंड एकच ठेवायचं, हे एल्वीला कळलं होतं. बाकीची तोंडं गप्प कशी करायची, ते मात्र म्हातारी न सांगताच गेली.

आज सकाळपासून एल्वी पाच पेले पाणी प्यायली होती, आणि अजून दहा वाजायचे होते.

नऊच्या सुमारास बिटरवेलच्या फुटबॉलच्या मैदानावर ट्रकवरचे कर्णे तपासले जात होते. आधी खरखर झाली, मग कोणीतरी ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणालं, आणि मग त्या कर्ण्यांतून तिच्या भावाचा आवाज आला. स्वच्छ, मोठा, ऐन भरातला. चौदा महिन्यांपूर्वी शहरातल्या इस्पितळात, मूत्रपिंडाच्या यंत्राला जोडलेला असताना गेलेल्या भावाचा. गेलेल्याचं नाव, चेहरा, आवाज, गाणी थोरली बहीण उघडेपर्यंत बंद ठेवायची तिथली रीत; त्याचं नाव त्या दिवसापासून बिटरवेलमध्ये कोणी उच्चारलेलं नव्हतं. त्याचे फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. फुटबॉलच्या संघाचा कप्तान त्याच्याच नावाचा, म्हणून त्या धडधाकट माणसालाही गेलं वर्षभर सगळे ‘सात नंबर’ म्हणत होते. आणि आता तो मेलेला आवाज दुकानावरून, शाळेवरून, देवळाच्या पत्र्यावरून घुमत गेला. बायकांनी हंबरडा फोडला. म्हातारी बेसी जिथे होती तिथेच मातीत बसली आणि डोक्यात धूळ घालू लागली. कर्णे बंद झाले तरी रडणं अर्धा तास थांबलं नाही.

“अकरा सेकंदं फक्त, ताई,” क्लेम म्हणाला. एल्वीचा हा धाकटा भाऊ. तो तिच्या अंगणातल्या विस्तवाजवळ उकिडवा बसून चांदीच्या कागदात गुंडाळलेली कांगारूची शेपटं निखाऱ्यात सारत होता. दुपारच्या गर्दीसाठी चाळीस शेपटं भाजायची होती.

“मोजत होतास?”

“मग काय करणार? बंद करायला धावणार तर पायात काही नव्हतं. सगळीकडे काटे.”

“काटे,” एल्वी म्हणाली. तिने पेला खाली ठेवला. “मला एवढंच सांगा. ती टेप लावली कोणी?”

हे तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. कर्ण्यांचं, तारांचं, त्या दिवे लुकलुकणाऱ्या पेटीचं काम बिटरवेलमध्ये एकाच माणसाला येतं, आणि तो तिचा जावई डेस्मंड. पण तिला विचारणं भाग होतं. कारण डेस्मंडला ती स्वतः विचारू शकत नव्हती. लग्न होऊन आठ वर्षं झाली, तरी तिने त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तो दुकानाच्या एका दाराने आत आला, की ती दुसऱ्या दाराने बाहेर पडे. सासूने जावयाशी बोलायचं नाही, जावयाने सासूच्या समोर यायचं नाही. हा मान होता, भांडण नव्हे, आणि दोघांनीही तो निगुतीने सांभाळला होता. आज पहिल्यांदाच एल्वीला वाटलं, की जरा भांडणाची सोय असती तर बरं झालं असतं.

तिची मुलगी रोझलिन उंबऱ्यात उभी होती, हातांची घडी घालून.

“त्याला बोल लावू नकोस, आई. त्याला परवानगी मिळाली होती.”

“कोणाची?”

“तुझी.”

एल्वीने पेला पुन्हा उचलला.

“मी तेव्हा शहरात होते, दवाखान्याच्या वर्गाला,” रोझलिन म्हणाली. “तो तुला विचारणार कसा? म्हणून त्याने क्लेममामाला पाठवलं. आणि मामाने निरोप आणला, ताई हो म्हणते.”

क्लेम एकाएकी शेपटांत फार गुंतला.

“क्लेम.”

“मी विचारलं होतं, ताई. परवा. तू प्रार्थना करत होतीस.”

“आणि मी काय म्हणाले?”

“डोळे उघडले नाहीस.”

“प्रार्थनेत डोळे मिटलेलेच असतात.”

“तेच म्हणतोय मी. नाही म्हणायचं असतं तर उघडले असतेस.”

एल्वीने आकाशाकडे पाहिलं. पहाटेच त्या आकाशाखाली गुडघे टेकून तिने शांतपणाचं दान मागितलं होतं. रोज मागायची. देवाने ते कधीच नाकारलं नव्हतं, पण तो ते अगदी मोजून द्यायचा, आणि जेमतेम न्याहारीपर्यंत पुरायचं.

“आता तो कुठाय?” तिने विचारलं.

“पाण्याच्या टाकीमागे,” रोझलिन म्हणाली. “लाजेने बसलाय. म्हणतो, गाडीत सामान भरतो आणि आपल्या गावी जातो. मी दोनदा जाऊन आले. मामा जाऊन आला. हलत नाही.”

“आणि कर्णे?”

“तो नाही तर कर्णे नाहीत.”

दुपारी तीनला जलसा होता. गोऱ्या मालकाच्या गुरांच्या मळ्याची जमीन इथल्या मूळ लोकांना परत मिळाली त्याला आज तीस वर्षं झाली होती. तीन वस्त्यांची माणसं कालपासून येऊन नाल्याच्या कोरड्या पात्रात उतरली होती. गाद्या, कुत्री, पोरंसोरं, चहाची काळी डबडी. ती सगळी एका गाण्यासाठी आली होती, आणि ते गाणं बंद होतं. ते थोरल्याने, म्हणजे त्या गेलेल्या भावाने, एकोणिसाव्या वर्षी पोलिसांच्या कोठडीत रचलेलं. त्याच्या बापाने त्या मळ्यावर बावीस वर्षं गुरं हाकली आणि मजुरी म्हणून घेतलं ते पीठ, साखर आणि चहा. गाण्याचं धृपद तेवढंच होतं: ‘पीठ दिलंत, साखर दिलीत, चहा दिलात, पाणी कुणाचं?’ आता मालक गेला होता, पण खाणीची माणसं येऊन जमिनीखालचं पाणी मोजून गेली होती, आणि धृपद पुन्हा सगळ्यांच्या ओठांवर येऊन अडलं होतं. कारण थोरला गेल्यापासून त्याची गाणी कोणी गात नव्हतं, आणि ती उघडायचा हक्क होता एकाच तोंडाला.

ते तोंड सहावा पेला पीत होतं.

फाटक वाजलं. मर्ना आत आली, थोरल्याची बायको. सकाळी सगळ्या बाया रडल्या, पण मर्ना रडली नव्हती, हे एल्वीने ऐकलं होतं. ती मैदानाच्या मधोमध उभी राहिली आणि आवाज थांबल्यावर एवढंच म्हणाली, ‘पुन्हा लावा.’ लोकांना वाटलं, बाई भ्रमली.

“क्लेम, शेपटं जळतायत,” ती आल्याआल्या म्हणाली. मग विस्तवाच्या पलीकडे बसली. “ताई, मी फक्त एक विचारायला आले. आज गायचं का नाही?”

“सकाळी एवढा आकांत झाला आणि तू गाण्याचं विचारतेस.”

“आकांत झाला म्हणूनच विचारते. चौदा महिने सगळ्यांनी दाबून धरलाय तो. तुला काय वाटलं, विरून गेला?”

“वेळ झाली की मी सांगेन.”

“वेळ,” मर्ना म्हणाली. “ताई, माझं घर बंद आहे. थोरल्या बहिणीने ओल्या पानांचा धूर करून गेलेल्याला निरोप दिल्याशिवाय त्यात कोणी पाऊल टाकायचं नाही, आणि मी टाकलेलं नाही. चौदा महिने बहिणीच्या पडवीत झोपते, तिच्या तीन कुत्र्यांबरोबर. तू म्हणालीस पावसानंतर. पाऊस झाला. मग म्हणालीस ईस्टरनंतर. दोन ईस्टर झाले.”

“मला कारण आहे.”

“मग सांग की ते. मी काही परकी नाही. कुत्र्यांनासुद्धा आता वाटतं, मी त्यांच्यातलीच.”

क्लेम हसला, आणि एल्वीने पाहिल्यावर थांबला.

“ते गाणं रागाचं आहे,” एल्वी म्हणाली. “माणसं शांत व्हायला जमणार, आणि आपण त्यांना राग वाढायचा?”

“राग नको तर काय गाऊ? पिठाचे आभार?”

“मामीचं बरोबर आहे, आई,” रोझलिन म्हणाली.

“तू आत्ता माझ्या बाजूने होतीस.”

“मी त्याच्या बाजूने होते. तुझ्या बाजूने मी गेल्या गुरुवारी होते.”

“मला विचाराल तर,” क्लेमने सुरुवात केली.

“तुला कोणी विचारणार नाही,” तिघीही म्हणाल्या, आणि सकाळपासून घरात एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत.

कारण सांगण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शहरात मोठा जलसा होता, आणि थोरला गिटार घेऊन याच अंगणात उभा राहिला होता. तेव्हाच त्याचे पाय सुजलेले होते. ‘ताई, पीठ-साखरेत दुसरा आवाज तू धर. आईने आपल्याला जोडीने गायला शिकवलं, देवळात एवढी वर्षं गातेस— गातो आपण. एकदा माझ्या गाण्यात ये.’ ईस्टरच्या आधीचा आठवडा होता. एल्वीचं त्या आठवड्यात व्रत असायचं; स्तोत्राखेरीज तोंडातून काही काढायची नाही ती. ‘या आठवड्यात मी राग गाणार नाही,’ ती म्हणाली. तो म्हणाला, ‘बरं, ताई.’ रागावलासुद्धा नाही. महिन्याभरात तो यंत्रावर गेला. पाच तासांच्या वाटेवरचं शहर, आठवड्यातून तीनदा. आणि मग तो घरी आला तो पेटीत.

हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. देवाला सांगितलं होतं, पण त्याला ते आधीच माहीत होतं, त्यामुळे सांगून हलकं वाटलं नाही.

ती उठली. गुडघे वाजले.

“कुठे निघालीस?” रोझलिनने विचारलं.

“तुमच्यातलं कोणी धड एक माणूस उठवून आणू शकत नाही, तेव्हा मीच जाते.”

“आई, तुला त्याच्याशी बोलता येत नाही.”

“मला माहीत आहे मला काय येत नाही ते.” तिने शीळ घातली. “पोलीस, चल.”

पोलीस हा कुत्रा होता. बोलावलं की येत नाही आणि न बोलावता जेवणाच्या वेळी हजर, म्हणून थोरल्यानेच त्याला ते नाव दिलं होतं. आज शेपटांच्या वासाने तो जवळच होता, म्हणून आला.

टाकी वस्तीच्या टोकाला, लोखंडी पायांवर उभी होती. एल्वीने लांबूनच खोकून आपण आल्याचं कळवलं. टाकीच्या पलीकडे घाईघाईने कोणीतरी सरकलं. तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला, टाकीकडे पाठ केली आणि एका उलट्या डब्यावर बसली. तिच्या पाठीमागे, लोखंडाच्या पलीकडे, त्याचीही पाठच असणार. पोलीस मधोमध बसला आणि कान खाजवू लागला.

“पोलीस,” एल्वी कुत्र्याला म्हणाली, “या वस्तीत मूर्ख पुष्कळ आहेत. पण मेलेल्या माणसाला सकाळी नऊला कर्ण्यातून ओरडायला लावणारा एकच निघाला.”

पलीकडून जाडसर, दबका आवाज आला. “पोलीस, मला लाज वाटते.”

“वाटायलाच हवी, पोलीस.”

“मी विचारून घेतलं होतं, पोलीस. मामांना पाठवलं होतं.”

“क्लेमला! पोलीस, त्याला मीठ आणायला पाठवलं तर तो बातमी घेऊन येतो. त्याच्या हातचा निरोप शहाण्याने आधी कुत्र्याला खाऊ घालून पाहावा.”

पलीकडे हुंकार झाला. तो हुंदका होता की हसू, ते कळलं नाही. पोलीस आपलं नाव इतक्यांदा ऐकून हैराण होऊन आडवा झाला.

“पोलीस,” डेस्मंड म्हणाला, “मी जाईन. पण एक गोष्ट सांगून जातो, कारण रोझलिनला सांगितलं असतं तर ती रडली असती. ती टेप शेवटची आहे. तिचे मामा शहरात यंत्रावर असताना मधल्या मोकळ्या दिवशी स्टुडिओत जाऊन गायले. बसून, खुर्चीवर. मी ती साफ करायला नेली, म्हणून मला सगळी ऐकावी लागली. त्यात एकच आवाज आहे. प्रत्येक धृपदाला ते थोडे मागे सरतात, आणि तिथे नुसती गिटार वाजत राहते. मला वाटलं, टेप खराब झाली. मी तिथल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, खराब नाही. दुसऱ्या आवाजाची जागा आहे ती. ती बाई म्हणाली होती, मी भरून देते, मी गाते चांगली. तर मामा म्हणाले, ‘नको. तिथलं माणूस यायचंय.’”

एल्वी बसून राहिली. समोर लाल माती होती, त्यात एक मुंगळ्यांची ओळ होती, आणि ती ओळ तिच्या चपलेपाशी येऊन वळसा घालून जात होती. तिला पाणी हवं होतं. पाठीशी हजारो लिटर पाणी होतं आणि पेला नव्हता.

‘यायचंय.’ येणार नाही म्हणालेल्या बहिणीबद्दल तो असं बोलला. हा राग असता तर सोपं होतं. रागाला ती उत्तर देऊ शकली असती.

“म्हणून मी ती टेप लावली, पोलीस,” डेस्मंड म्हणाला. “मला वाटलं, लोकांनी ऐकावं, ते किती नीट गायले ते.”

“पोलीस,” एल्वी म्हणाली. “टेप डब्यात घालायची म्हणावं, आणि डबा मर्नाकडे द्यायचा. आवाज माणसाचा असतो. तो बंदच राहील, वेळ होईतो. पण गाणं वस्तीचं आहे. गाणं मी उघडते.”

पलीकडे तो उठून उभा राहिल्याची चाहूल लागली.

“आणि कोणी कुठे जायचं नाही म्हणावं. तारा जोडायच्या. माझी पोरगी पुन्हा त्या लांबच्या गावी राहायला जाणार नाही; तिथे दुकानातला पाव शिळा असतो.”

ती उठली आणि मागे न पाहता निघाली. पोलीस तिच्याबरोबर गेला नाही. तो टाकीच्या पलीकडे गेला, आणि तिने शेपटी पत्र्यावर आपटल्याचा आवाज ऐकला.

मर्ना अंगणातच होती. क्लेमच्या हातून चिमटा काढून घेऊन तीच शेपटं उलटत होती.

“गायचं,” एल्वी म्हणाली.

मर्नाने चिमटा खाली ठेवला नाही. “आणि घर?”

“मर्ना, एका दिवसात किती—”

“आणि घर, ताई?”

एल्वी तिच्यासमोर खाली बसली. एवढी वर्षं नणंद-भावजय होत्या, पण एल्वीने तिच्याकडे पाहिलं ते नेहमी थोरल्याच्या खांद्यावरून. आता मधे तो नव्हता. मर्ना बारीक झाली होती. तिच्या स्वेटरला कुत्र्यांचे केस चिकटले होते.

“त्याने मला बोलावलं होतं त्या गाण्यात,” एल्वी म्हणाली. “मी गेले नाही. घर उघडलं की तो खरंच जाईल, म्हणून उघडत नव्हते. झालं. हेच कारण.”

क्लेम निखाऱ्यांकडे बघत राहिला. रोझलिनने तोंडावर हात घेतला.

“मला माहीत होतं,” मर्ना म्हणाली. “तो आला होता ना त्या दिवशी घरी, तुझं उत्तर घेऊन. म्हणाला, ताई ईस्टरनंतर येईल. मी म्हटलं, तशी म्हणाली का? तर म्हणाला, नाही, पण येईल.” तिने एक शेपूट बाहेर ओढलं, कागद सोडून पाहिला. “मी तुझ्यावर त्याबद्दल रागावले नाही. पडवीबद्दल रागावले.”

“आज,” एल्वी म्हणाली. “सूर्य मावळायच्या आत धूर करते. तुला शब्द देते.”

“कुठल्या ईस्टरचा?”

“आजचा, मर्ना.”

मर्नाने मान हलवली. “मग पहिला आवाज मी धरते. सगळे शब्द येतात मला. माझ्याच स्वयंपाकघरात बसून कडवी बदलायचा मेला.”

जलसा चारला सुरू झाला, कारण तीनला सुरू होणारं बिटरवेलमध्ये आजवर काही झालेलं नव्हतं. त्यातही अर्धा तास एका वेगळ्याच घोळात गेला. आवाजाची पेटी मांडली होती मैदानाच्या मधोमध, ट्रकच्या अगदी समोर, आणि ट्रकवर उभी राहणार होती एल्वी. म्हणजे सासू-जावई तोंडासमोर तोंड. रोझलिनने शेवटी फुटबॉल संघाचं पिवळंकाळं ब्लँकेट दोन काठ्यांना बांधून पेटीपुढे आडपडदा केला. डेस्मंड त्यामागे गेला. आता त्याला ट्रक दिसत नव्हता. नुसतं ऐकूनच काम करायचं होतं.

“एवढ्यासाठी शहरातून चार हजारांची भाड्याची यंत्रं आणली,” क्लेम बास गिटार गळ्यात अडकवत पुटपुटला, “आणि चालवणारा तंबूत.”

“तू सूर लाव,” एल्वी म्हणाली.

ती पुढे झाली. लोक खाली मातीत बसले होते. पुढे म्हाताऱ्या, मागे तरुण, सगळ्यात मागे गाड्यांच्या टपांवर मुलं. सात नंबर कडेला आपल्या संघाबरोबर उभा होता. तिला मोठं भाषण करता येत नसे.

“सकाळी जे झालं ते चुकून झालं,” ती म्हणाली. “कोणावर राग ठेवू नका. नाव अजून बंद आहे, आवाज बंद आहे. गाणं मी आज उघडते आहे. माझ्याकडून उशीर झाला.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी हात उलटे करून तळवे तिच्याकडे धरले. पुरे झालं, ऐकलं, असं.

क्लेमने सुरुवात केली आणि ती चुकीच्या पट्टीत केली. मर्नाने पहिली ओळ धरली, तिचा आवाज वर जाऊन फाटला, आणि ती थांबली.

“खाली, क्लेम,” ती माइकमध्येच म्हणाली. “तो गात होता तिथे. मी काय पक्षी आहे?”

लोक हसले. चौदा महिन्यांत थोरल्याचा उल्लेख झाल्यावर बिटरवेल पहिल्यांदाच हसलं. क्लेमने पट्टी खाली आणली. मर्ना गाऊ लागली, साधी, जवळजवळ बोलल्यासारखी, भांडी घासताना गावं तशी. गुरं, धूळ, घोड्यावरून पडलेला बाप, रविवारी गोदामापुढे लागलेली रांग. पहिलं धृपद आलं. एल्वीने तोंड उघडलं आणि काही निघालं नाही. नुसती गिटार वाजत राहिली. तीच जागा. ती अशी रिकामी ऐकून तो शहरातल्या खुर्चीवर कसा बसला असेल, हे तिला तिथे उभ्याउभ्या कळलं.

मर्नाने वळून पाहिलं नाही. दुसरं कडवं घेतलं.

दुसऱ्या धृपदाला एल्वी आली. आधी ओठातल्या ओठात, देवळात यायची तशी, वरच्या सुराच्या खाली तिसऱ्या पायरीवर. ‘पीठ दिलंत.’ कर्ण्यांत तिला स्वतःचा आवाज दूरचा वाटला. मग ब्लँकेटमागून कोणीतरी तो बोटभर वर उचलला, आणि तो मर्नाच्या आवाजाला जाऊन टेकला. ‘साखर दिलीत.’ तिला वाटलं होतं, हा राग आहे. गाताना तो रागासारखा लागत नव्हता. खूप दिवस आखडलेला हात कोणीतरी धरून हळूहळू सरळ करावा, तसं दुखत होतं.

‘पाणी कुणाचं?’ असं दोघींनी विचारलं, आणि खालून तीन वस्त्यांनी मिळून उत्तर दिलं. म्हातारी बेसी, जी सकाळी डोक्यात धूळ घालत होती, ती उठली आणि पाय घासत नाचू लागली, ठुमकत, छोट्याछोट्या पावलांनी, आणि तिच्यामागे दुसरी, तिसरी. लाल धूळ गुडघ्यांपर्यंत चढली. जुने गुराखी आपल्या टोप्या छातीशी धरून उभे राहिले आणि पीठ, साखर, चहा अशी बोटं मोजत ओरडू लागले. काहीजण रडत होते, पण सकाळसारखं नव्हे. रडतारडता शेजाऱ्याच्या पाठीवर थापा मारत होते. गाणं संपलं तर कोणी संपू देईना. पुन्हा घ्यावं लागलं. मग सात नंबरने गाडीच्या टपावर चढून शिट्टी वाजवली आणि तिसऱ्यांदा घ्यावं लागलं, आणि त्यात पोरांना जमेल अशा वेगात.

तिसऱ्यांदा झाल्यावर मर्ना हातातला माइक बेसीला देऊन टाकून धाप टाकत हसत होती. क्लेम लोकांना सांगत होता, की हे गाणं उघडायला परवानगी मुळात त्यानेच आणली. लोक त्याच्यावर रिकाम्या बाटल्या फेकत होते.

सूर्य टाकीच्या मागे उतरू लागला होता. एल्वीने माइक हळूच स्टँडला लावला आणि ट्रकच्या मागच्या बाजूने, कोणाला दिसणार नाही अशी, खाली उतरली. गुडघा पुन्हा वाजला. नाल्याच्या काठावर जाऊन तिने हिरव्या पानांच्या फांद्या निवडून मोडल्या. वाळलेली नको होती, धूर धरत नाही. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडून काडेपेटी मागून घेतली. त्याने कशाला म्हणून विचारलं नाही. फांद्यांकडे पाहिलं आणि टोपी काढली.

मैदानावर चौथ्यांदा गाणं सुरू झालं, आणि क्लेमने ते पुन्हा चुकीच्या पट्टीत धरलं. एल्वीचा पाय क्षणभर अडखळला. परत जाऊन त्याला सांगावं, असं फार वाटलं. मग तिने फांद्या काखेत घट्ट धरल्या आणि कुंपणाच्या कडेकडेने भावाच्या बंद घराकडे चालू लागली.